डाव्या हाताचं उद्यापन

त्या काळात माझी वेणी नवरा घालत असे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला धक्का बसायला नको.

कारण सरळ आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, पेसमेकर बसवला. हृदय मधूनच एखादा ठोका द्यायला विसरत होतं. मी शाळेचं वेळापत्रक करते. आपला तास विसरणारा कुणीही मला खपत नाही, मग ते माझंच हृदय का असेना. यंत्र बसलं आणि ठोके शिस्तीत पडू लागले. ते काम संपलं म्हणून मी मनातल्या यादीत त्यावर काट मारली.

पण दुखणं राहिलं. यंत्राच्या भोवती, खांद्यात, आणि मागे खवाट्याच्या आतल्या बाजूला. फार मोठं नव्हतं, पण रोज हजर. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे माझा कायमचा अंबाडा बंद झाला आणि केस नवऱ्याच्या ताब्यात गेले. त्याची सगळी नोकरी बँकेत झालेली. पहिल्या दिवशी त्याने माझे केस मोजून सारखे केले, ठोकून कडा जुळवल्या आणि नोटांच्या गड्डीला घालतात तसं रबर घातलं. मी तशीच माधवनगरला शाळेत गेले. सातवीतली एक मुलगी फार वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आज आपका कुछ अलग लग रहा है." मी तिला फळा पुसायला लावलं.

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, मी त्यांना आई म्हणते. ऐंशीच्या पुढच्या आहेत, आणि पायाळू आहेत. पायाळू म्हणजे जन्माला येताना आधी पाय आलेलं माणूस. कुणाच्या पाठीत चमक भरली की अशा माणसाने पाठीला पाय लावायचा, चमक जाते, अशी समजूत. आमची कॉलनी नानाखेड्याच्या बाजूला, शेजारी सगळे हिंदीभाषक, पण या एका बाबतीत सगळे मराठी. सकाळी फाटकाशी कुणीतरी वाकडं होऊन उभं असतं, "अम्माजी, ज़रा पैर लगा दो." मग आई भिंतीला धरून उभ्या राहतात, त्या माणसाला पालथं झोपवतात आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने पाठीवर कुठेतरी दाबतात. तो माणूस सरळ होऊन जातो. जो सरळ होत नाही तो परत येत नाही, त्यामुळे आईंचा लौकिक अबाधित आहे.

माझ्या पाठीला मात्र त्यांनी पाय लावायला साफ नकार दिला. "आत मशीन बसलीय बाई तुझ्या. कुठे काही सरकलं तर मी कुणाला जवाब देऊ?" त्यांना त्या यंत्राचा भलता आदर. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. आईंनी स्कूटरला कुंकू लावलं, मिक्सरला लावलं, नवऱ्याच्या संगणकाला लावलं, मग माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "पदर सरकव." मी सरकवला. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. अक्षता दिवसभर टोचत होत्या.

संक्रांतीनंतर आम्ही इंदूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला गेलो. यंत्र ठीक, तारा ठीक, जखमेत काही बिघाड नाही, असं त्यांनी सांगितलं. दुखणं अगदीच सहन होत नसेल तर एक उपाय आहे, म्हणाले. पुन्हा उघडायचं आणि यंत्र जरा खोल, जरा बाजूला सरकवून ठेवायचं. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून ते घाईने करायचं नाही. "रंगपंचमी के बाद आइए. तब तक ऐसा ही रहा तो सोचते हैं."

ऑपरेशनची मला भीती नाही असं मी घरी, शाळेत आणि फोनवर सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे होती. पहिल्या वेळी त्यांनी फक्त तेवढी जागा बधिर केली होती, मी जागी होते. चादरीखाली माझ्या छातीशी काहीतरी ओढाओढ चाललेली, आणि चादरीपलीकडे कुणीतरी कुणाला सांगत होतं की हिरवा मटार या वर्षी दाणे बघूनच घ्यावा. तेव्हापासून मटार सोलताना माझे हात गार पडतात. पुन्हा त्या टेबलावर जायचं नाही, एवढी एकच गोष्ट मला त्या दोन महिन्यांत हवी होती.

म्हणून डॉक्टरांची लेखी परवानगी घेऊन मी फिजिओ मॅडमकडे गेले. टॉवर चौकाजवळ, नमकीनच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना आहे. जिना चढेपर्यंत कपड्यांना शेवेचा वास लागतो. मॅडम चाळिशीच्या, मूळच्या देवासच्या, आणि मणक्यांवर हाताने दाब देऊन करायच्या उपचारांवर संशोधन करत होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत हातचं न राखता सांगितलं की कंबरदुखीवर या उपचारांचं पुष्कळ लिहिलेलं आहे, पण छातीत यंत्र असलेल्या आणि त्यामुळे दुखत राहिलेल्या माणसांबद्दल फार थोडं आहे, तेही बहुतेक एकेका रुग्णाची हकीकत. त्यामुळे बरं वाटेलच असं वचन देता येणार नाही. पण नीट नोंदी ठेवून तुमची हकीकत लिहायला मला आवडेल, चालेल का?

मला चालणारच होतं. नोंदी ठेवा असं म्हणणारी व्यक्ती मला आयुष्यात फार उशिरा भेटली.

अटी अशा होत्या. यंत्राच्या जवळ हात लावायचा नाही, छातीला झटका द्यायचा नाही, पालथं झोपवायचं नाही, विजेचं कुठलंही यंत्र लावायचं नाही. आणि या काळात घरी नवं काही सुरू करायचं नाही, तेल नाही, शेक नाही, लेप नाही. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. हे ऐकून नवऱ्याने खिशातली मलमाची ट्यूब परत खिशात घातली.

दवाखान्यात बाकी सगळ्यांना तारा लावलेल्या असत, डब्या घूं घूं करत असत. मला काहीच नाही. शेजारच्या खाटेवरच्या सेठजींना माझी दया आली. "आपको मशीन नहीं लगाई?"

"मेरी अंदर लगी हुई है," मी म्हटलं. सेठजी खाटेवर जरा पलीकडे सरकले.

दुखण्याला रोज शून्य ते दहा गुण द्यायचे होते. इथे आमचं थोडं अडलं. मी निबंधाला कधी कुणाला दहापैकी साडेसहाच्या वर देत नाही. दहा म्हणजे ज्यात काहीच सुधारायला जागा नाही असं दुखणं, आणि माझ्या दुखण्यात तशी जागा होती. मी चार दिले. नवरा म्हणाला, हिच्या आवाजावरून आठ असावेत. मॅडमनी चार लिहिले आणि कंसात "परीक्षक कडक" अशी काहीतरी खूण केली.

मग त्या म्हणाल्या, दोन्ही हात वर करा. मी उजवा केला.

"दूसरा?"

"वो नहीं करना है. मना है."

"किसने मना किया?"

इंदूरच्या डॉक्टरांनी, मी सांगितलं. कधी? यंत्र बसवलं तेव्हा. किती दिवसांसाठी? दीड महिन्यासाठी, नवी तार जागेवर बसेपर्यंत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "और डेढ़ महीने के बाद हाँ किसने बोला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राकडे बघितलं. हो असं कुणीच म्हटलं नव्हतं.

हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल, म्हणून आमच्या घराची रीत सांगते. आमच्याकडे एकदा सोडलेली गोष्ट आपल्या मनाने पुन्हा धरता येत नाही. चातुर्मासात वांगं सोडलं तर चातुर्मास संपल्यावर रीतसर नैवेद्य होऊनच ते पानात येतं. व्रत संपलं की त्याचं उद्यापन, म्हणजे सांगता करायची. ती झाली नाही तर व्रत चालूच. माझ्या एका आतेसासूबाईंच्या सोळा सोमवारांचं उद्यापन कशावरून तरी राहिलं, तर त्या शेवटपर्यंत सोमवार करत होत्या, कारण मध्येच थांबायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. मनाई आली तेव्हा आईंनी ती नेमासारखीच घेतली. वरच्या फळीवरचे डबे खाली आले. वाळणाची दोरी माझ्या उंचीला म्हणून खाली बांधली गेली आणि नवऱ्याच्या कपाळावर एक आडवी खूण उमटली. दीड महिन्याने डॉक्टर म्हणाले होते, "अब सब नॉर्मल कीजिए." आम्ही सगळं नॉर्मल केलं. हात त्या सगळ्यात येतो की नाही, हा प्रश्न घरात निघालाच नाही.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं की यंत्राची जागा आधी थोडी दुखली असेल, पण खांदा इतका काळ आवळून धरला म्हणून खांदा आखडला, खांदा आखडला म्हणून वरच्या पाठीतले मणके आखडले, आणि आता सगळे मिळून दुखतात. तार केव्हाच जागेवर बसलेली आहे. इंदूरला फोन करून त्यांनी खात्रीही करून घेतली.

मग उपचार सुरू झाले. मला स्टुलावर बसवून मॅडम मागे उभ्या राहत, खवाट्यांच्या मधल्या मणक्यांवर तळहात ठेवत, मला श्वास सोडायला सांगत आणि हलकेच दाबत. कधी काहीच होत नसे, कधी आतून कट् असा आवाज येत असे. पहिल्यांदा तो आवाज पडद्याबाहेर गेला आणि नवरा आत धावत आला. "बंद पडली का गं?"

"अहो, पाठ वाजली," मी म्हटलं. "बॅटरी वाजत नाही."

पाठ सुटत गेली. चाराचे कधी साडेतीन होऊ लागले. मॅडम माझा हात स्वतःच्या हातात घेऊन वर नेत तेव्हा तो कानापर्यंत जाई, मी आरशात बघत असे. पण मॅडमनी सोडून मला करायला सांगितलं की खांद्यापर्यंत येऊन थांबे, सिग्नल लागल्यासारखा. डोक्याला सगळं समजत होतं, हाताला समजत नव्हतं. घरी मी रोज आरशासमोर उभी राहून हाताला आज्ञा करत असे. चाळीस मुलींचा वर्ग माझ्या एका नजरेने बसतो, आणि माझाच हात ऐकत नव्हता. रंगपंचमी जवळ येत चालली होती.

त्यातच मॅडमना कुठून तरी कळलं की आमच्या सासूबाई पायाळू आहेत. कुठून तरी म्हणजे नवऱ्याकडून. त्यांनी आईंना आग्रहाने बोलावलं. आई इरकल नेसून, रिक्षातून, एखाद्या परिषदेला निघाल्यासारख्या आल्या. मॅडमनी विचारलं, पाय नेमका कुठे लावता? आईंनी मणक्यांच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर बोट ठेवून दाखवलं. दाब किती? आईंनी मॅडमच्या दंडावर अंगठा दाबून दाखवला. मॅडम म्हणाल्या, अम्माजी, एवढ्या जोराने मी देत नाही. आई म्हणाल्या, "तू पोरगी सीधी जन्मलीस, तुला इतनाच जमणार." दोघींनी चहा घेतला.

मग आईंनी माझा उपचार बघितला. पाठ वाजली तेव्हा मान डोलावली. नंतर मॅडमनी मला हात वर करायला सांगितला आणि तो नेहमीच्या ठिकाणी थांबला. आईंनी कप खाली ठेवला.

"हिचा हात उठणार कसा? नेमाचं उद्यापनच नाही झालं."

मला वाटलं आता संशोधनाचं काही खरं नाही. पण मॅडमना उद्यापन शब्द माहीत होता, त्यांच्या आईनेही सोळा सोमवार केले होते. त्या विचारात पडल्या. मग मला म्हणाल्या की दर आठवड्याला मी तुम्हाला सांगते आहे की हात वर करा, काही होणार नाही. पण भीती मी घातलेली नव्हती. अम्माजी, हे उद्यापन मी केलं तर चालेल का?

आईंनी स्वच्छ नाही म्हटलं. ज्यांनी नेम घातला त्यांनीच सोडवायचा. तुझं काम बेटी पाठीचं, ते तू चांगलं केलंस.

मॅडमनी इंदूरच्या डॉक्टरांना पत्र लिहून दिलं की रुग्णाला हात वर करण्याची स्पष्ट परवानगी आपल्या तोंडून मिळावी. आईंनी पिशवी भरली.

रंगपंचमी झाली. कानामागचा हिरवा रंग अजून निघायचा होता, तशातच आम्ही इंदूर गाठलं. रुग्णालयाच्या दारात लोखंड शोधणारी चौकट होती. मी नेहमीप्रमाणे यंत्राचं कार्ड दाखवून बाजूने गेले. आई चौकटीतून गेल्या आणि ती कोकलायला लागली. गार्डने पिशवी उघडली. पितळी तबक, निरांजन, कुंकवाचा करंडा, नारळ, पुरणपोळ्यांचा डबा. "अम्माजी, ये मंदिर नहीं है," तो म्हणाला. आईंनी त्याला सांगितलं की ते आम्हाला ठाऊक आहे, मंदिरवाले इतकी फीस नाही घेत. निरांजन मात्र त्याने ठेवून घेतलं.

डॉक्टरांनी यंत्र तपासलं. ठीक. दुखणं? मी म्हटलं, साडेतीन. नवरा मध्येच म्हणाला, "साहब, ये साढ़े छह के ऊपर किसी को नहीं देतीं." डॉक्टरांनी मॅडमचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले की पण मी तर तेव्हाच सांगितलं होतं, सब नॉर्मल कीजिए.

"सब बोले थे," आई म्हणाल्या, "हाथ नहीं बोले थे."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर बरीच रांग होती. त्यांनी एकदा दाराकडे आणि एकदा आईंकडे पाहिलं आणि कुठलं प्रकरण लवकर आटोपेल याचा हिशेब केला असावा. "बताइए माताजी, क्या करना है."

आईंनी त्यांना उभं केलं, पूर्वेला तोंड करवलं, कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. मी समोर उभी राहिले. काय म्हणायचं ते आईंनी सांगितलं आणि डॉक्टरांनी ते, मला वाटलं त्यापेक्षा बऱ्याच गंभीरपणे, म्हटलं. "बायाँ हाथ ऊपर उठाइए. पूरा. आज से कोई मनाही नहीं है." म्हणताना त्यांचाही नारळवाला हात वर गेला.

माझा हात निघाला. खांद्यापाशी आला आणि थांबला. मला चादर आठवली, मटार आठवला, आणि डॉक्टरांच्या कपाळावरचं कुंकू नाकावर ओघळताना दिसलं. मला हसू आलं. हसताना श्वास सुटला, मॅडम सोडायला सांगायच्या तसाच, आणि हात त्या जागेवरून पुढे सरकला. कुरकुरत, सावकाश, कानापर्यंत. मागे वळून बघितलं तर नवऱ्याचे दोन्ही हात वर होते. फायली घेऊन आलेल्या सिस्टरचाही एक होता.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आता राहू द्या, दिवाळीनंतर पुन्हा भेटू, तोवर मॅडमचे व्यायाम चालू ठेवा. मग उद्यापनाला कुणीतरी जेवायला लागतं म्हणून त्यांना उभ्याउभ्या अर्धी पुरणपोळी खावी लागली. उरलेली अर्धी त्यांनी मागून घेतली.

मॅडमनी हकीकत लिहिली. फरक कशाने पडला, हे त्यांना ठरवता येईना. पाठीवरच्या दाबाने, हाताच्या व्यायामाने, डॉक्टरांच्या परवानगीने की नारळाने? एका रुग्णावरून तसं ठरवताही येत नाही, म्हणाल्या. प्रामाणिक बाई आहेत, सगळंच लिहिलं. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी नारळाखाली लाल रेघ मारून समासात विचारलं, मात्रा किती? मॅडमनी लिहून पाठवलं, एक.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. थंडीत सकाळी तीन, एरवी दोन. दोन म्हणजे आपल्या घरातलंच. इंदूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या हाताने अंबाडा घातला. नवरा कंगवा घेऊन दारात उभा होता. त्याने मोबाईलवर बघून चारपेडी वेणी नुकतीच शिकून घेतली होती, आणि त्या दिवशी त्याने कंगवा खिशात ठेवूनच चहा घेतला. म्हणून रविवारची वेणी त्याच्याकडे ठेवली आहे. आता ती खरोखर बरी येते.

डबे वरच्या फळीवर गेले. वाळणाची दोरी मी स्टुलावर चढून, दोन्ही हात वर करून, पूर्वी होती तिथे बांधली. आता ती नवऱ्याच्या डोक्याच्या वीतभर वर आहे. पण अंगणात तिथे पोचला की तो अजून मान खाली घालतो, वाकून पलीकडे जातो आणि मग सरळ होतो. मी त्याला सांगून बघितलं. आई म्हणतात, तुझ्या सांगण्याने नाही व्हायचं, त्या पिशवीत एक नारळ उरलाय का बघ.